शेवरीचा रंग

बँकेत लागलो तेव्हा आपल्याला इंग्रजी बरं येतं, असा माझा समज होता. पत्रव्यवहाराचं इंग्रजी येत होतंही. ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर’ अशी सुरुवात करून पान भरून काढणं मला जड जात नसे. पण एका गाईनं माझं इंग्रजी उघडं पाडलं.

माझी पहिली नेमणूक १९८३ साली नांदेड जिल्ह्यात, कंधार तालुक्यातल्या एका शाखेत झाली. ते एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. १९८० पासून ही योजना देशभर लागू झाली होती आणि आमच्या टेबलावर गाई-म्हशींच्या कर्जप्रकरणांची चळत कधी उतरत नसे. कर्जातून घेतलेल्या प्रत्येक जनावराचा विमा उतरवावा लागे. विम्याचा अर्ज इंग्रजीत. वय, शिंगं, शेपटीचा गोंडा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि रंग, असे त्यात रकाने. कंधारला रंगाच्या रकान्यात काही अडत नसे. तिथलं जनावर लाल कंधारी. नावातच रंग! अंगभर एकसारखा लाल. वळू गाईपेक्षा जरासा गडद, एवढाच काय तो फरक. मी ‘रेड’ लिहायचो आणि पुढचा अर्ज ओढायचो.

१९८७ मध्ये बदली झाली ती लातूर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यात. लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती आणि देवणी अजून उदगीर तालुक्यातलंच गाव होतं. त्या गावाच्या नावाची गाय मी तोवर नीट पाहिलेली नव्हती. देवणीत रंगावरून तीन प्रकार मानतात. अंग पांढरं आणि तोंडावर काळा रंग, तो वानेरा. पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूनं काळे ठिपके, तो बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर कसेही, कुठेही, लहानमोठे काळे डाग पडलेले, तो शेवरा. शेतकऱ्याच्या पोराला हे शाळेत जाण्याआधी कळतं. मला तिशीत कळलं.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आमच्या एका कर्जदारानं गाय पसंत केली. पन्नाशीतला गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. गाय समोर उभी, मांडीवर अर्ज, हातात पेन.

“मामा, रंग काय लिहायचा?”

“शेवरी लिव्हा की, साहेब. त्येच्यात इचारायचं काय?”

शेवरीला इंग्रजीत काय म्हणतात? ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मनात आलं, पण त्या काळी तो शब्द टीव्हीला लागत असे; गाईला लावला तर साहेब लोक हसतील, असं वाटलं. काळ्यापेक्षा पांढरं जास्त दिसत होतं. मी ‘व्हाइट’ लिहिलं. डॉक्टरांनी घाईत सही केली. त्यांच्यापुढेही रांग होतीच.

दुसऱ्या पावसाळ्यात गाय साप चावून मेली. मागे सहा महिन्यांची कालवड. कानातला बिल्ला बाभळीच्या कुंपणात अडकून आधीच तुटून पडला होता; मामांनी तो कोनाड्यात ठेवला होता, तो वेळेवर सापडेना. बिल्ला नाही म्हटल्यावर आधार उरला तो फक्त वर्णनाचा. शवविच्छेदनाच्या दाखल्यावर नव्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मॉटल्ड’. विमा कंपनीचं पत्र आलं: विमा पांढऱ्या गाईचा उतरवला होता, मेलेली गाय दुसरीच दिसते, दावा नामंजूर.

त्या रात्री मी शब्दकोश काढून बसलो. मॉटल्ड: निरनिराळ्या रंगांच्या वेड्यावाकड्या डागांनी भरलेलं. म्हणजे शेवरी! मग एकेक शब्द सापडत गेला. ब्लॉची हा तसाच, पण जरा हिणकस; चेहऱ्यावर चट्टे उठले की वापरायचा. डॅपल्ड हा घोड्याच्या अंगावरच्या गोल छटांना आणि झाडाखालच्या उन्हा-सावलीलाही चालतो. पायबाल्ड म्हणजे काळा-पांढरा घोडा. त्यातला ‘पाय’ हा मॅगपाय नावाच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याकडून आलेला आणि ‘बाल्ड’चा जुना अर्थ पांढरा ठिपका असलेला. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यानंही पाखरू पाहून घोड्याचं नाव ठेवलं होतं. आपल्याकडे कबरा आहे, बांडा आहे. शब्द दोन्हीकडे मुबलक होते, फक्त माझ्याकडे नव्हते.

हे डाग गर्भातच पडतात. रंग तयार करणाऱ्या पेशी वाढत्या पिलाच्या अंगभर पसरत जातात; जिथे पोहोचत नाहीत तिथे कातडी पांढरी राहते. म्हणून एका शेवऱ्यासारखा दुसरा शेवरा मिळत नाही. मामा तर डोळ्यांवर पट्टी काढल्याबरोबर शंभरांत आपली गाय ओळखतील. मी एका शब्दात तिची सगळी ओळख पुसून टाकली होती.

कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. वर्णन लिहिण्यात चूक माझी झाली, असं पहिल्याच पत्रात कबूल केलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. चूक कागदावर कबूल करू नये, असं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं. गावचा पंचनामा जोडला, देवणीचे तीन प्रकार डॉक्टरांकडून लिहून घेतले. चौदा महिन्यांनी दावा मंजूर झाला.

मामा सही करायला आले. मी त्यांना तो इंग्रजी शब्द वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला.

“म्हंजी शेवरीच की!” ते म्हणाले. “मंग आदुगरच का न्हाई लिव्हलाव?”

मी चहा मागवला. कालवडीची चौकशी केली. दरम्यान कर्जाचे हप्ते थकले होते, बँकेच्या नोटिसा जात होत्या. त्यातल्या दोन नोटिसांवर सही माझीच होती. मामांनी कालवड हाळीच्या बाजारात विकून हप्ते भरले होते.

“आईवानीच होती,” ते म्हणाले. “पाटीवर डाग तेवढा मोठा.”

आता जनावरांच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. त्या कालवडीचा रंग पुढे कुठल्या कागदावर कुणी काय लिहिला, ते मला कळलं नाही.