चार्जरच्या पोटावरची अक्षरं

"लॅपटॉप आणलाय का?"

भोकरदनला जालना रस्त्यालगत दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथं चार्जर मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी हा प्रश्न ऐकावा लागतो. बहुतेकांनी लॅपटॉप आणलेला नसतो. पिशवीतून जुन्या चार्जरची वायर निघते, तिचं टोक काउंटरवर टेकतं आणि मागणी होते, "अशी पिन पाहिजे, भाऊ." कारागीर त्या टोकाकडे बघतही नाही. मधला काळा ठोकळा हातात घेतो, उलटा करतो, मोबाइलची बत्ती तिरपी धरतो आणि पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवत एकेक आकडा मोठ्यानं वाचतो. आकडे अगदीच गेलेले असतील तर गिऱ्हाइकाला घरी पाठवतो. लॅपटॉपच्या पाठीवर तेच आकडे छापलेले असतात, त्यांचा फोटो तरी काढून आणा म्हणतो.

हे काम जवळून पाहावं म्हणून मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून बसत गेलो. गावात लॅपटॉप कोणाच्या पोटापाण्याचा आहे तेही तिथं कळतं. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी पोरं, फोटो स्टुडिओवाले, शिक्षक, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करणारी एखादी मुलगी. राजूर, हसनाबाद, आन्वा, पिंपळगाव रेणुकाई अशा गावांहून माणसं येतात. पीकविम्याची मुदत संपत आलेली असते नाहीतर प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात, आणि नेमका तेव्हाच चार्जर जातो. कंपनीचं सेवा केंद्र गाठायचं तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे अख्खा दिवस मोडला. मग निवड इथंच उभ्याउभ्या होते, आणि घाईत माणूस पिनेवर विसंबतो. पिन आत गेली, दिवा लागला, की झालं काम असं त्याला वाटतं. खरं तर पिन ही बघायची शेवटची गोष्ट.

ठोकळ्याच्या पोटावर दोन ओळी महत्त्वाच्या. पहिली 'इनपुट'ची. तिथं बहुधा १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ असं असतं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, त्यामुळं कारागीर या ओळीवर वेळ घालवत नाही. त्याचं सगळं लक्ष 'आउटपुट'वर. एचपीच्या एका नेहमीच्या चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असतं. लेनोवोच्या चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. एसर आणि असूसच्या पुष्कळ चार्जरांवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट, आणि या तिन्ही ठिकाणी उत्तर ६५ येतं. म्हणून कोणी नुसतं "६५ वॉटचा द्या" म्हटलं की कारागीर मान हलवतो. ६५ वॉट बरोबर, पण किती व्होल्टांवर?

नियम एवढाच की व्होल्ट जुळलाच पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. लोकांची भीती मात्र उलट्या जागी असते. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळेल असं त्यांना वाटतं, आणि ४५ वॉटचा लावला तर "हळू चार्ज होईल, काय बिघडतंय" म्हणून ते निश्चिंत असतात. मुलासाठी चार्जर न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला कारागिरानं दिलेला दाखला मला फार आवडला. "मामा, ठिबकला दाब ठरलेला लागतो. दाब वाढला की नळ्या फुटतात. पण विहिरीला पाणी जास्त आहे म्हणून कधी ठिबक फुटलं का? व्होल्ट म्हणजे दाब अन् अँपिअर म्हणजे विहिरीतलं पाणी." मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग जास्तीच्या पाण्याचाच द्या." व्होल्ट-अँपिअरचा हिशेब यापेक्षा नीट समजावलेला मी ऐकलेला नाही.

लॅपटॉप आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतो; चार्जर तो ढकलत नाही. पण चार्जरची ऐपतच कमी असेल आणि ओढ जास्त असेल, तर दोहोंपैकी एक होतं. चांगला चार्जर स्वतःला वाचवतो. दिवा लुकलुकतो, चार्जिंग तुटत-तुटत चालतं. हलका चार्जर तापत राहतो, महिनोन्‌महिने. कारागिराच्या ड्रॉवरमध्ये असे ठोकळे आहेत, उन्हाळ्यात गादीवर ठेवून वापरलेले, प्लॅस्टिक तपकिरी पडलेले. ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपची भूक तर १३०, १८०, २३० वॉटपर्यंत जाते. तिथं ६५चा चार्जर लावून काम भागत नाही.

आता पिन. गोल पिनांत बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर ही फार सामान्य, पण आतलं भोक कुठं २.५, कुठं २.१, कुठं १.७. भोक मोठं आणि आतला खिळा बारीक असला की पिन शिरते, जरा डुगडुगते आणि ठिणग्या खात एक दिवस लॅपटॉपचा जॅकच जाळते. त्याच ५.५च्या जाडीत सीसीटीव्हीचे आणि राउटरचे १२ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टरही येतात. घरात दोन्ही वायरी एकाच टेबलाखाली गुंतलेल्या. लॅपटॉपचे १९ व्होल्ट राउटरमध्ये गेले की राउटर संपलाच.

सर्वांत फसवी जोडी एचपी आणि डेलची. दोघांच्या अलीकडच्या बारीक पिना ४.५ बाय ३ मिलिमीटरच्या, दोघांचे व्होल्ट १९.५. एकाची पिन दुसऱ्यात अलगद बसते. पण या पिनेच्या मधोमध एक सुई असते आणि चार्जिंगची वीज त्या सुईतून वाहत नाही. डेलच्या चार्जरमध्ये एक छोटी चिप असते. लॅपटॉप या सुईवरून तिला विचारतो, तू किती वॉटचा? उत्तर मिळालं नाही तर पडद्यावर सूचना येते की अ‍ॅडॅप्टर ओळखता आला नाही. लॅपटॉप चालू राहतो, पण मंद होतो, आणि बॅटरी भरत नाही. लेनोवोच्या आयताकृती पिनेतही मधल्या टोकाला जोडलेल्या रेझिस्टरवरूनच वॉट ओळखले जातात.

ही सुई वाकली किंवा तिची केसासारखी वायर आत तुटली, तरी लक्षण हेच. एक गुरुजी लॅपटॉप घेऊन आले होते. बॅटरी भरत नाही म्हणून त्यांनी दुसरीकडून नवी बॅटरी बसवून घेतली होती, तीही भरेना. कारागिरानं त्यांच्या मॉडेलचा आपल्याकडचा खात्रीचा चार्जर लावला आणि टक्का वाढायला लागला. दोष पिनेजवळ तुटलेल्या त्या बारीक वायरीत होता. गुरुजींचे बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच. चार्ज न होणाऱ्या लॅपटॉपला आधी दुसरा योग्य चार्जर लावून बघायचा, हा साधा क्रम जो पाळत नाही त्यानं दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

वायर पिनेशी तुटली असेल तर कारागीर तेवढा भाग कापून नवी पिन सोल्डर करून देतो. ठोकळा मात्र उघडत नाही. आत २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्टांच्या आसपास साठते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकते. "उघडता येतो, पण पहिल्यासारखा बंद होत नाही," असं तो म्हणतो. जोडावरून फुटलेल्या प्लॅस्टिकवर चिकटपट्टी लावून २३० व्होल्ट कोणाच्या घरी पाठवायचे नाहीत, हे त्यानं ठरवून टाकलं आहे.

नवा चार्जर पारखताना मीटर लागतो, पण नुसता मीटर पुरत नाही. नकली चार्जरही रिकामा असताना १९.५ दाखवतो. त्याचा खरा चेहरा भार टाकल्यावर दिसतो. कारागिराकडे अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला सोनेरी रंगाचा ६.८ ओहमचा रेझिस्टर लोखंडी पट्टीवर बसवलेला आहे. त्याला १९.५ व्होल्ट जोडले की पावणेतीन अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह वाहतो, म्हणजे ५५ वॉटच्या आसपास भार. चांगला ६५ वॉटचा चार्जर हा भार सहज पेलतो, मीटरवरचा आकडा किंचित खाली येऊन तिथंच थांबतो. मी पाहिलेल्या एका स्वस्त चार्जरचा आकडा मात्र उतरतच गेला, सतराखाली गेला आणि मग दिवा विझला. लेबलावर ६५ वॉट ठळक छापलेलं होतं. रेझिस्टर एवढा तापतो की हात लावता येत नाही, म्हणून ही परीक्षा दोन-चार मिनिटांतच आटोपायची.

गिऱ्हाइकाकडे रेझिस्टर नसतो, पण डोळे असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. या योजनेचा मूळ आदेश २०१२चा. लेबलावर आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक नाही, किंवा आहे पण भलत्याच वस्तूचा निघतो, तर तो चार्जर घेऊ नये. तीनशे-चारशे रुपयांच्या चार्जरानं वाचवलेले पैसे मदरबोर्ड एका फटक्यात परत घेतो. इतर कंपनीचा चार्जर म्हणजे वाईट असंही नाही. नोंदणी असलेले, योग्य वॉटचे आणि भाराला टिकणारे चार्जर मूळ कंपनीच्या निम्म्या किमतीत मिळतात, आणि कारागीर तेच जास्त विकतो.

भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतच्या वायरीकडे तर कोणी बघतच नाही. २०१४ साली एचपीनं तापण्याच्या धोक्यामुळं एलएस-१५ अशी खूण असलेल्या सुमारे ६० लाख पॉवर कॉर्ड अमेरिका आणि कॅनडातून परत मागवल्या होत्या. ठोकळे ठीक होते, दोष फक्त वायरीत होता. आपल्याकडे ही वायर हरवली की कुठलीही पातळ वायर येते, आणि तीन पायांच्या प्लगचा तिसरा जाड पाय बोर्डात बसत नाही म्हणून कापलाही जातो.

तो पाय अर्थिंगचा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन माणसं येतात आणि चार्जर खराब म्हणून बदलून मागतात. पुष्कळदा चार्जर चांगला असतो. त्याच्या आत विजेचा गोंगाट दाबणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी अल्प प्रवाह बाहेर झिरपतो आणि अर्थिंग असेल तर जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावर थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याची जमीन कोरडीठाक झाली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगणं हाही या दुकानातला चार्जरवरचा उपाय आहे. वायरमनला दाखवा, असं कारागीर सोबत बजावतो, कारण तेच अर्थिंग फ्रिज आणि मोटारीच्या वेळी माणसाचा जीव वाचवतं.

मृगाआधीच्या वादळात काउंटरवर चार्जरांची रास पडते. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की काही घरांत २३०च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्ट शिरतात. चार्जरमधला संरक्षक भाग स्वतः फुटतो, फ्यूज उडतो, आणि बहुतेक वेळा लॅपटॉप वाचतो. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा, हे वाक्य कारागीर बिलाबरोबर देतोच.

अलीकडे नवे लॅपटॉप टाइप-सीचे येतात आणि लोकांना वाटतं, पिनेचा प्रश्न मिटला. युरोपीय संघानं २०२४च्या डिसेंबरपासून फोनला आणि २०२६च्या एप्रिलपासून लॅपटॉपला टाइप-सी बंधनकारक केलं. भारतीय मानक ब्यूरोनंही २०२३च्या जानेवारीत टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. पिन एक झाली हे चांगलंच झालं, पण आता पिन काहीच सांगत नाही, त्यामुळं लेबल वाचणं आणखी गरजेचं झालं. आपले सरकार सेवा केंद्रात काम करणारी एक मुलगी फोनचा ८० वॉटचा चार्जर घेऊन आली. लॅपटॉप ६५ वॉटचा, तरी भरत नव्हता. "ताई, हे वाचा," म्हणत कारागिरानं चार्जर तिच्याच हातात दिला. लिहिलं होतं: ५ व्होल्ट २ अँपिअर आणि ११ व्होल्ट ७.३ अँपिअर. ८० वॉट खरेच होते, पण ११ व्होल्टांवर, तेही त्याच कंपनीच्या फोनसाठी. लॅपटॉपला २० व्होल्ट हवे होते आणि ती ओळ लेबलावर नव्हतीच.

त्यानं तिला ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा चारही ओळी असलेला, शेवटच्या ओळीत ३.२५ अँपिअर लिहिलेला चार्जर काढून दिला. तिनं फोनची जुनी टाइप-सी वायर त्याला लावायला घेतली, तेव्हा त्यानं पुन्हा थांबवलं. साधी वायर ३ अँपिअरपर्यंतची असते, म्हणजे २० व्होल्टांवर ६० वॉट. त्यापुढं जायचं तर टोकात ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपिअरची वायर लागते. ती नसेल तर चार्जर ६० वॉटच्या वर देतच नाही. मुलीनं विचारलं, पाच वॉटांनी एवढा काय फरक पडतो? "आज नाही पडणार," तो म्हणाला, "पण प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन सगळं याच लॅपटॉपला लावून दिवसभर अर्ज भराल, तेव्हा बॅटरी वर चढायच्या ऐवजी जागेवर राहील." तिनं वायर घेतली.