तासागणिक मोजायची कावीळ

जन्मानंतर दोन-तीन दिवसांत निम्म्याहून अधिक बाळं थोडी पिवळी दिसतात. जास्तीच्या तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते पटापट बाहेर टाकता येत नाही. हौदात पाणी जोरात येतंय आणि मोरी अर्धीच उघडी, तसं. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. मग कोणाची वाढणार, हे आधी कसं ओळखायचं?

रक्तातल्या बिलिरुबिनचा नुसता आकडा पुरत नाही. बाळाचं वय तासांत लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ८ मिलिग्रॅम बिलिरुबिन २४ तासांच्या बाळात काळजीचं, तर ७२ तासांच्या निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा नाही. डॉ. विनोद भुतानी आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात २,८४० बाळांच्या तपासण्यांवरून असा तासागणिक पातळ्यांचा आलेख १९९९ मध्ये मांडला. जोडीला अपुऱ्या दिवसांचा जन्म, आई-बाळाचे न जुळणारे रक्तगट, भावंडाला झालेली कावीळ हेही पाहतात.

नुसत्या नजरेवर विसंबू नका, सावळ्या त्वचेवर तर मुळीच नाही. कोवळं ऊनही उपचार नव्हे. पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला किंवा बाळ सुस्तावून दूध ओढेनासं झालं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. वेळेत निळ्या प्रकाशाखाली ठेवलं, तर फार वाढलेल्या बिलिरुबिनने होणारी मेंदूची कायमची हानी बहुतेक वेळा टळते.