विषाणू, कॅन्सर आणि मधली दहा-वीस वर्षं

(शेलू येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आधी एक गैरसमज दूर करू. कॅन्सर लागट नाही. पेशंटच्या ताटात जेवलं, उशाशी बसलं म्हणून तो होत नाही. पण काही कॅन्सरच्या मुळाशी विषाणू असतो, आणि तो विषाणू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हिपॅटायटिस बी मुळे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपण ज्याला पिशवीच्या तोंडाचा म्हणतो, तो होतो. आज या दुसऱ्याबद्दल बोलू.

हे नातं जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी उलगडलं. 1983-84 मध्ये त्यांच्या गटाला या गाठींमध्ये एचपीव्हीचे 16 आणि 18 नंबरचे प्रकार सापडले. 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. या कॅन्सरचे जगभरातले साधारण 70 टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे असतात.

विषाणू नेमकं करतो काय? आपल्या पेशीत वाढ रोखणारे ब्रेक असतात. त्यातले दोन महत्त्वाचे, पी53 आणि आरबी. एचपीव्हीचं ई6 हे प्रथिन पहिला ब्रेक मोडतं, ई7 दुसरा निकामी करतं. मग पेशी थांबायचं विसरते, चुका साठत जातात.

आता घाबरू नका. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. लग्नाच्या नवऱ्याकडूनही येतो. त्यात बाईच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेक वेळा शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, आणि तिथूनही कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं जातात. ही मधली वर्षं हीच आपली संधी.

ती साधता येते का, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांत तपासलं गेलं. 1999 पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, एकाची पॅप, एकाची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. तपासणी एकदाच. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही गटात 34,126 बायकांपैकी 34 जणी या कॅन्सरने गेल्या होत्या, चौथ्या गटात 31,488 पैकी 64. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे!

पण त्या 64 जणींना विसरू नका. त्यांच्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे बरीच टीका झाली. संशोधकांचं म्हणणं असं, की तिथे तेव्हा नियमित तपासणीची सोयच नव्हती. मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच, एवढी किंमत मोजून मिळालेलं उत्तर आपण वापरायलाच हवं.

मग करायचं काय? मुलींना 9 ते 14 वयात लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस 2023 मध्ये आणली. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती लवकर द्यायची. आणि तिशी ओलांडलेल्या बायकांनी तपासणी करून घ्यायची, काहीही त्रास नसताना. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एचपीव्ही तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तरी व्हावी. दोष सापडला तर तेवढा भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. बहुधा पिशवी काढावी लागत नाही.

अंगावरून अवेळी जातंय, पाळी बंद झाल्यावर रक्त दिसतंय, संबंधानंतर रक्त येतंय, तर थांबायचंच नाही. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. त्रास सुरू झाल्यावर शेलूहून लोकल पकडून परळला टाटाला जाणारी बाई बहुतेकदा ती दहा-वीस वर्षं गमावून बसलेली असते. म्हणून आज घरी गेल्यावर आईला, बायकोला, वहिनीला एवढंच विचारा: तपासणी झालीय का?