नमुना वरचा, माल आतला
(बिबवेवाडी, पुणे येथील एका कापड व्यापाऱ्याकडून)

निवडणूक आली की बाजारात पहिला सवाल असतो, "कोण येणार?" सरकारवर कर, सुताचे भाव, निर्यात सारे अवलंबून असते, म्हणून व्यापाऱ्याने हे विचारणे गैर नाही. पण मतचाचणीचा आकडा म्हणजेच निकाल असे मानून जो माल भरतो, त्याने पुढील हिशेब पाहावा.

मतचाचणी म्हणजे आपल्या धंद्यातला नमुना. एक तुकडा पाहून आपण अख्ख्या गाठीचा भाव करतो. तुकडा फक्त वरच्या ताग्याचा असेल, तर तो कितीही मोठा असला तरी फसगत ठरलेली. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. जवळपास २४ लाख उत्तरे आली. त्यावरून लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. नावे टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात गरिबाकडे फोन कुठला? त्याच वेळी गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. त्यांचा नमुना सर्व थरांतला होता.

आता आपल्याकडचे पाहू. १ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेचे मतदान संपले आणि एक्झिट पोल आले. काहींनी सत्ताधारी आघाडीला ४०० पर्यंत जागा दिल्या. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. ४ जूनला मतमोजणीत आघाडी २९३ वर थांबली आणि सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. सोमवारी चढ्या भावाने घेणाऱ्याचे मंगळवारी काय झाले असेल, ते सांगायला नको.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक वेगळी. तेथे मतदार म्हणजे आमदार आणि खासदार. कोण किती मतांचा, हे आधीच मोजता येते. तरी २००७ मध्ये विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. जेथे मोजणी शक्य आहे तेथेही माणसाचे मन हिशेबाबाहेर जाते, मग कोट्यवधी मतदारांचे काय?

म्हणून व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. चाचणी कोणी घेतली, किती जणांना आणि कोणत्या भागात विचारले, हे पाहावे. झेंडे-उपरण्यांचा माल नक्की ऑर्डर आणि आगाऊ रक्कम मिळाल्यावरच तयार करावा. हरलेल्या पक्षाकडून उधारी वसूल होणे कठीण. आणि निकालावर पैज लावणे हा सरळ जुगार आहे, तो हराम आहे, त्याच्या जवळही जाऊ नये.

मतपेटी उघडेपर्यंत पुंजी हातात ठेवणारा व्यापारी निकाल कोणताही लागो, दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो.