बालकांचे धर्मशिक्षण आणि मायबोली



कंग्राळीसारख्या गावात मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावरची पाटी कन्नडमध्ये वाचते आणि पुढे इंग्रजीच्या मागे धावते. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, हा प्रश्न आपणांस नवा नाही. श्रद्धेच्या बाबतीत तो किती नाजूक होतो, हे मला ख्रिस्ती मराठी वाङ्मय शिकविताना उमगले. मी धर्मशास्त्रज्ञ नव्हे; भाषेच्या वाटेने या विषयाकडे आलो.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतील देवळात मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात होती. तेव्हा एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने गुरूस विचारले की, ही शिकवण उत्तमच. परंतु आमची जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? त्या मागणीचे उत्तर म्हणजे 1616 साली रायतूर येथे छापलेला, जवळजवळ 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ. मुलांसाठी स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तकही रचले. ते त्यांच्या निधनानंतर, 1622 साली निघाले.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. प्रश्नोत्तरीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही आधीच ठरलेली असतात. पाठांतरास ती सोयीची. पुराणात मात्र श्रोते मध्येच शंका काढतात, गुरू थांबतो, समजावतो. शिवाय ओवी ही जात्यावरची, कानात मुरलेली. माझ्या मते पाठांतर टाकाऊ नाही, पण शंकेला जागा मिळते ती कथेत.

पुढे वारे फिरले. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. ‘क्रिस्तपुराणा’च्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ते तारले आणि 1907 साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले. (ओवी टिकली ती छापखान्यामुळे नव्हे, ही गोष्ट आम्हां ग्रंथप्रेमींनी ध्यानात ठेवण्याजोगी!) प्रॉटेस्टंट पंथात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणून हीच वाट पुन्हा चोखाळली.

कॅथलिक चर्चमध्ये उपासना लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली. पण लोकभाषा म्हणजे कोणती? 1953 साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात कोकणी, मराठी, कन्नड अशा सर्व घरांतली माणसे एका वेदीपुढे बसतात. एकीला मान दिला की दुसरी रुसते. मग इंग्रजी ही तडजोड ठरते. मुले इंग्रजी शाळांत जातात, म्हणून पालकांनाही ती पटते.

या तडजोडीची किंमत घरात मोजावी लागते. नातू रविवारच्या वर्गात प्रार्थना शिकून येतो आणि आजीला ती कळत नाही. आजीची प्रार्थना नातवाला परकी वाटते. संध्याकाळी दोघे एकत्र गुडघे टेकतात खरे, पण शब्द जुळत नाहीत. वर्ग इंग्रजीत चालवावा लागला तरी कथा, गीत आणि निदान एक प्रार्थना घरच्या भाषेत असावी, आणि महिन्यातून एकदा वर्गात आजी-आजोबांना बोलवावे. त्यांना व्याख्यान देण्याची गरज नाही. त्यांनी लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट सांगावी आणि मुलांना हवे ते विचारू द्यावे.