करड्या भिंतीसाठी कोणता दगड?

हॉलची एक भिंत दगडी हवी, ही हौस आता परतूरसारख्या तालुक्याच्या गावातही पोहोचली आहे. नमुन्यांत करडा सँडस्टोन, म्हणजे वालुकाश्म, चटकन नजरेत भरतो. मात्र तो इथला नाही. बाजारातला असा माल बहुतेक राजस्थान-मध्य प्रदेशाकडून येतो.

परतूरच्या पोटात आहे काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर थिजले आणि दख्खनचं पठार घडलं. विहीर खणताना मुरूम, मांजऱ्या आणि कठीण कातळ लागतो तो हाच. आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं याच खडकात कोरलं गेलं. आपल्या वाड्यांची जोती याचीच, घरातलं जातंही याचंच.

वालुकाश्म आगीतून नव्हे, वाळूतून होतो. पाण्याने किंवा वाऱ्याने आणलेली वाळू साचते, दबते आणि सिलिका, चुना किंवा लोहाची संयुगं तिचे कण सांधतात. थराच्या रेषेत छिन्नी बसली की लादी सरळ सुटते. महाराष्ट्रात हा दगड पाहायचा तर लाव्हाच्या पठाराबाहेर, विदर्भात जावं. वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिरांवरच्या मूर्ती त्यातल्याच. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली नागपूर उच्च न्यायालयाची इमारतही वालुकाश्माची. ती 1940 मध्ये खुली झाली.

घेण्याआधी नमुन्यावर पाण्याचा थेंब टाका. डाग गडद होऊन आत मुरला, तर हळद आणि तेलही तसंच मुरणार. असा दगड ओट्याला नको, भिंतीला चालेल, तोही सीलर मारून. लिंबाचा थेंबही टाकून पाहा. शहाबादी फरशी चुनखडकाची असल्याने तिची चकाकी तिथे मरते. सिलिकाने सांधलेल्या वालुकाश्माला काही होत नाही.

कापणाऱ्याचाही विचार हवा. या दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थानच्या खाणकामगारांनी हे फार सोसलं आहे. आपल्या घरी लादी कापताना पाण्याची धार सोडायला लावावी, कारागिराला चांगला मास्क द्यावा. हा खर्च मालकानेच करायचा.

माझं मत विचाराल, तर आधी पडक्या वाड्याचे घडीव दगड शोधा. टाकीचे घाव दिसणारे ते चिरे आज भरावात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. चुना खरवडून, धुऊन ते बसवले, तर भिंत करडीच दिसेल. फक्त चिरा जाड आणि जड असतो, म्हणून स्लॅबवर रचण्याआधी इंजिनिअरला विचारा; तळमजल्यावर, स्वतंत्र पाया घेऊन उभारलेली भिंत सर्वांत बरी.