‘सायकलवरून पडला’

रस्ता, अपघात आणि कायदा : लेखांक सहावा

केसपेपरवर एकच ओळ होती. ‘सायकलवरून पडला.’ समोर बसलेल्या माणसाच्या डाव्या मांडीत सळई बसवलेली, गुडघा अर्धाच वळणारा. लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरनं मागून धडक दिली होती. त्याला हे माहीत होतं, त्याच्या भावाला माहीत होतं, चहाच्या टपरीवर बसलेल्या चार जणांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दवाखान्याच्या दारात ‘काय झालं?’ असं विचारल्यावर भाऊ घाईत बोलून गेला, ‘सायकलवरून पडलाय, आधी बघा त्याला.’ ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. कागदावर ट्रॅक्टर आलाच नाही.

ट्रॅक्टरवाला शेजारच्याच गावचा. पळून गेला नाही. पहिल्या दिवसाचं बिल त्यानं भरलं, वर पंधरा हजार हातात ठेवले, आणि ‘पोलिसात कशाला, आपसात मिटवू’ असं दोन्हीकडून ठरलं. चार महिन्यांनी पैसे संपले, दुसऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तेव्हा दोघं भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडे आले. पहिलाच प्रश्न होता, ‘साहेब, सायकलवाल्याला क्लेम असतो का? आमच्याकडं ना लायसन, ना विमा.’

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की हा आठवडा त्यालाच द्यायचा ठरवला. इथं सायकल ही हौसेपेक्षा पोटाची गोष्ट जास्त आहे. पहाटे डेअरीला दूध घालणारे, एमआयडीसीत पाळीवर जाणारे, निमगाव केतकीच्या पानमळ्यांत खुडणीला निघालेले मजूर, वाडीवरून हायस्कुलात येणाऱ्या मुली हे सगळे सायकलवर असतात. अलीकडे व्यायामासाठी महागड्या सायकली घेऊन निघणारेही दिसतात. रस्ते मात्र बदलले. पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा पालखी महामार्ग चौपदरी झाला, भिगवणवरून सोलापूरचा महामार्ग जातोच. आणि गळीत हंगाम सुरू झाला की सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागते. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो, आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर सायकल असते.

त्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. सायकलवाल्याला क्लेम असतो, आणि त्याला लायसन-विमा लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ म्हणजे यंत्राच्या शक्तीवर चालणारं वाहन. सायकल त्यात बसत नाही. अडीचशे वॅटपर्यंतच्या मोटारीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची सायकलही नियमांनी यातून वगळली आहे. पण रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो विमा सक्तीचा आहे. विम्याच्या करारात एक पक्ष वाहनमालक, दुसरा पक्ष कंपनी. वाहनाखाली सापडणारा रस्त्यावरचा माणूस हा तिसरा. सायकलस्वार हा या तिसऱ्या पक्षाचा अगदी निखळ नमुना आहे. विमा त्याचा नसतो, पण त्याच्यासाठी काढलेला असतो.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगून टाकतो. धडक बैलगाडीची किंवा दुसऱ्या सायकलची असेल तर हा कायदा लागू होत नाही, साध्या दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. त्याच गाडीला बैलांच्या जागी ट्रॅक्टर जोडलेला असेल, तर मात्र कायदा लागू होतो. ट्रॉलीसुद्धा ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत येते. वाहन उभं होतं म्हणूनही क्लेम जात नाही. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर एक पेट्रोल टँकर ट्रकच्या धडकेनं रस्त्याकडेला कलंडला आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं गेली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं, की वाहनाचा ‘वापर’ म्हणजे फक्त धावणं नव्हे. उभं असतानाही तो वापरच. टायर फुटला म्हणून रात्री अंधारात, चाकाला दगड लावून सोडून दिलेली ट्रॉली इथं आठवावी. तिच्यावर आदळलेल्या सायकलस्वाराला ‘तूच बघून चालवायचं होतंस’ असं ऐकवून परत पाठवता येत नाही.

आता त्या पहिल्या कागदाकडे येऊ, कारण अर्धी लढाई तिथंच हरली किंवा जिंकली जाते. दावा चालतो तेव्हा विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी दवाखान्यातली पहिली नोंद मागवतो. तिथं ‘सायकलवरून पडला’ असेल, तर वाहनाचं नाव नंतर घुसडलं असा युक्तिवाद होतो, आणि तो बिनबुडाचा म्हणता येत नाही, कारण खोटे दावेही होतात. म्हणून जखमीसोबत जो कुणी जाईल, त्यानं डॉक्टरांना एक पूर्ण वाक्य सांगावं : अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक वाहनानं धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही. अपघाताची केस म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करा, असं स्पष्ट म्हणावं. घाबरायचं कारण नाही. जखमीला नेणाऱ्या परक्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, हे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातच आलं आहे.

या नोंदीवर उपचाराचे पैसेही अवलंबून असतात. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळण्याची सोय आहे. सायकलस्वारही त्यात आला. पण हा मोटार अपघात आहे याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते. पोलिसात जायचंच नाही असं ठरवणारं कुटुंब हे दीड लाख पहिल्याच दिवशी सोडून देतं.

पोलिसांची जबाबदारी एफआयआर लिहून संपत नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा, आणि सविस्तर अहवाल तीन महिन्यांत. त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही स्वतःचा अर्ज स्वतः केलेला बरा. अपघाताच्या ठिकाणी, आपण राहतो तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो करता येतो. म्हणजे इंदापूरचा माणूस टेंभुर्णीजवळ जखमी झाला तरी त्याला सोलापूरला खेटे घालावे लागत नाहीत. त्याचा दावा बारामतीच्या जिल्हा न्यायालयात चालू शकतो.

मुदत सहा महिन्यांची आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती आली. तिला आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेशानं सांगितलं. पण अंतरिम आदेश हा अंतरिमच असतो. माझ्या अशिलांना मी सहा महिनेच मोजायला सांगतो.

पैसे किती मिळतात? इथं जरा थांबून हिशेब करू, कारण पंधरा हजारांत मिटवणाऱ्या माणसाला आपण काय सोडून देतोय हे कुणी आकड्यांत दाखवत नाही. धरून चालू, की पानमळ्यातला मजूर ४२ वर्षांचा आहे आणि महिन्याला १५,००० कमावतो. पगाराची स्लिप नाही, तरी मजुरीचे दर, मालकाची साक्ष, किमान वेतन यांवरून न्यायाधिकरण उत्पन्न धरतं. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीतल्या स्वतंत्र कष्टकऱ्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवले जातात, म्हणजे १८,७५०. वर्षाचे २,२५,०००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात (२००९) ४१ ते ४५ वयाला गुणक १४. गुणाकार ३१,५०,०००. आता अपंगत्व. वैद्यकीय मंडळ पायाचं अपंगत्व समजा २५ टक्के लिहील. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईचा तुटलेला टक्का एक नसतो. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा गुडघा आणि शिडीवर चढून पान खुडणाऱ्याचा गुडघा यांत फरक आहे. वेल उतरवायला, शिडीवर उभं राहायला ज्याला जमत नाही, त्याची कमाई न्यायाधिकरणानं ४० टक्क्यांनी घटली असं मानलं, तर एवढ्या एकाच सदराखाली १२,६०,००० होतात. दवाखान्याचा खर्च, बुडालेले महिने, पुढची शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च हे सगळं वेगळं, आणि वर व्याज.

घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही किंमत आहे, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठासून सांगितलं. शाळकरी मुलीच्या बाबतीत तर २०२५ चा निकाल फार महत्त्वाचा आहे. मूल कमवत नाही म्हणून नाममात्र रक्कम न धरता, कुशल कामगाराचं किमान वेतन धरून मोजा, असा तो निकाल.

एक सापळा इथंच सांगतो. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, अशी कलम १६४ ची तरतूद आहे. ज्याच्याकडे साक्षीदारच नाही, त्याला ती आधाराची. पण ती रक्कम तडजोडीत स्वीकारली की मोठा दावा संपतो. कंपनीचा माणूस कागद घेऊन घरी आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो.

वाहन पळून गेलं आणि नंबरही मिळाला नाही तर? तेव्हाही एफआयआर लागतोच. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. रक्कम अजूनही तोकडीच आहे, पण ती मागायला फार थोडी माणसं जातात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सायकलस्वाराची चूक असेल तर तेवढा वाटा कापला जातो, सगळा दावा नाही. मुंबईत बेस्टच्या बसखाली सायकलवरचा तरुण मुलगा गेला, त्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलाचाही काही दोष धरला आणि तरी आई-वडिलांना भरपाई दिली. उलट दिशेनं जाणं, रात्री दिवा-रिफ्लेक्टर नसणं यावर कंपनी बोट ठेवते. हेल्मेटवरही ठेवते. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही, एवढं उत्तर त्याला पुरतं. हेल्मेट घालावं ते डोक्यासाठी.

त्या दोघा भावांचं काय झालं? उशिरा का होईना, फिर्याद नोंदवली. टपरीवरच्या दोघांनी जबाब दिले. सायकलच्या मागच्या चाकाचा चुराडा झालेला होता, ती अजून गोठ्यात पडून होती, तिचा पंचनामा झाला. नुसतं पडणाऱ्याचं मागचं चाक असं होत नाही. अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल झाला.

त्या दिवशी निघताना धाकटा भाऊ दारात थांबला. ‘वकीलसाहेब, त्या ट्रॅक्टरवाल्याचं वाटोळं तर नाही ना व्हायचं? चांगला माणूस आहे तो.’ गावात मिटवामिटवी होते ती बऱ्याचदा भीतीनं नव्हे, या भिडेनं. मी त्याला सांगितलं, विमा नीट असेल तर भरपाई कंपनी देते, त्यासाठीच तो दर वर्षी हप्ता भरतो. तुम्ही त्याच्यावर सूड घेत नाही आहात.

आठ दिवसांनी ट्रॅक्टरवाला स्वतः पॉलिसी घेऊन आला. मुदत चालू होती. मी कागद उलटून पाहिला. वापर ‘फक्त शेतीकामासाठी’ असा छापलेला होता, आणि ट्रॉलीचा उल्लेख कुठंच नव्हता. आपल्या उसाशिवाय तो चार जणांचा ऊस टनावारी भाड्यानं कारखान्याला ओढत होता. कारखान्याला ऊस वाहणं हे शेतीकाम की भाड्याची वाहतूक, आणि भाड्याची ठरली तर जखमीला पैसे आधी कोण देणार, हे पुढच्या लेखांकात.